लेजेरची ‘युरोपियन कट’ रीड : परीक्षण फक्त पहिल्या सुराचे

क्लॅरिनेटच्या माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावर, बसवलेली जी पातळ पट्टी फुंकेने कंप पावून सूर काढते त्या रीडविषयी जे काही वाचायला मिळते त्यात नादाचा गडदपणा, वरच्या सप्तकातला गोडवा आणि टिकाऊपणा यांचीच चर्चा अधिक असते. त्या सगळ्याला अर्थ आहे, परंतु सात महिने वापरलेल्या लेजेर कंपनीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठीच्या ‘युरोपियन कट’ या कृत्रिम रीडचे परीक्षण मी येथे एकाच कसोटीवर करणार आहे. एकलवादनाचा पहिला सूर शांततेतून बाहेर येतो तेव्हा ही रीड कशी वागते, एवढाच माझा प्रश्न आहे, कारण मी ती विकत घेतली तीच मुळी त्या एका क्षणासाठी.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका लहान सभागृहात मी पियानोच्या साथीने मोझार्टच्या क्लॅरिनेट कंचेर्टोचा, म्हणजे एकलवादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचा, दुसरा भाग वाजवायला उभा होतो. १७९१ साली लिहिलेल्या या रचनेच्या पहिल्या भागात वादकाला वाद्यवृंदाच्या छप्पन्न मात्राखंडांपर्यंत थांबावे लागते. दुसऱ्या, विलंबित भागात मात्र प्रस्तावनाच नाही. साथ आणि क्लॅरिनेट एकाच क्षणी सुरू होतात, आणि तेही हळुवार. त्या दिवशी वातानुकूलन यंत्राचा झोत नेमका माझ्या चेहऱ्यावर येत होता आणि साथीदार पाने नीट लावीत असताना मी वाद्य खाली धरून उभा राहिलो होतो. साथीदाराने मान हलवली, मी फुंक घातली, आणि सुराऐवजी फक्त हवेचा फुसफुसाट ऐकू आला. साधारण अर्ध्या मात्रेनंतर सूर उडी मारून बाहेर पडला, तोही हवा होता त्यापेक्षा दुप्पट मोठा. श्रोत्यांपैकी बहुतेकांना काही कळले नसावे. दुसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या सरांना मात्र कळले होते, कार्यक्रमानंतर ते एवढेच म्हणाले, “रीड ओली होती का रे?”

ती ओली नव्हती. ती नैसर्गिक रीड होती, तिचे टोक सुकून त्याला बारीक लाट आली होती, आणि माउथपीसच्या कडेशी ते नीट बसतच नव्हते. नैसर्गिक रीडला आपण सवयीने वेताची रीड म्हणतो, पण ती वेताची नसते. दक्षिण फ्रान्सच्या व्हार प्रांतात प्रसिद्ध असलेल्या एका उंच, गवताच्या कुळातल्या नळासारख्या वनस्पतीच्या दांड्यापासून ती तासतात. तिचे टोक मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतके पातळ असते, त्यामुळे तोंडातल्या ओलाव्याने ते मिनिटभरात फुगते आणि कोरड्या हवेत जवळजवळ तितक्याच वेगाने आकसते. एकदा वाजवायला लागल्यावर श्वासाची वाफच तिला ओली ठेवते, म्हणून अडचण मधल्या सुरांत येत नाही. ती येते पहिल्या सुरात, आणि नेमकी दीर्घ विश्रांतीनंतरच्या पहिल्या सुरात.

हा पहिला सूर निघतो कसा, हे थोडे सविस्तर सांगितल्याशिवाय रीडच्या गुणदोषांना अर्थ उरत नाही. नवशिक्या वादकाला वाटते की जिभेने रीडला ठोकर दिली की सूर निघतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. आधी जिभेचे टोक रीडच्या टोकाला अलगद टेकलेले असते, त्यामागे पोटातून आलेल्या हवेचा दाब तयार होऊन थांबलेला असतो, ओठांची पकड आधीच पक्की असते, आणि मग जीभ केवळ बाजूला होते. जीभ हे दार आहे. पाणी आधी साठले पाहिजे. ज्या रीडला कंप पावायला अधिक दाब लागतो तिच्यावर हळुवार सुरुवात करणे अवघड, कारण दार उघडल्यावर तो उंबरठा ओलांडण्याइतका दाब नसेल तर हवा नुसती सरकून जाते आणि वादक घाबरून जोर वाढवतो. माझ्या त्या उशिरा निघालेल्या आणि दुप्पट मोठ्या सुराचे हेच कारण होते.

आपल्या भाषेचा येथे एक फायदा आहे, तो बहुतेक शिक्षक सांगत नाहीत. इंग्रजी पुस्तकांत जिभेच्या सुरुवातीसाठी जो उच्चार सुचवलेला असतो तो आपली मुले सहज ‘टा’ असा वाचतात, जीभ टाळूकडे वळवतात, आणि मग ती रीडपर्यंत परत यायला उशीर लावते. त्यांना ‘ता’ म्हणायला सांगितले की जीभ आपोआप पुढे येते, आणि ‘दा’ म्हणायला सांगितले की ती पुढे येऊनही मऊ राहते. विलंबित भागाच्या सुरुवातीला ‘दा’ आणि ठसक्याच्या जागी ‘ता’, एवढा फरक ज्याच्या कानाला बालवाडीपासून कळतो त्याने ‘टा’च्या मागे लागू नये, असे माझे मत आहे.

आता वस्तूविषयी. लेजेर ही कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या बॅरी येथील कंपनी आहे आणि तिच्या रीड पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या असतात. त्याचे रेणू एका दिशेला ताणून घेतल्यामुळे लांबीच्या दिशेने त्याला नैसर्गिक तंतूंसारखा ताठपणा येतो. कडकपणाच्या पायऱ्या पाव-पाव अंकाच्या आहेत, म्हणजे तीन, सव्वातीन, साडेतीन अशा; नैसर्गिक रीडमध्ये बहुतेक वेळा अर्ध्याच्या पायऱ्या मिळतात. डबीत एकच रीड येते. तिच्या किमतीत चांगल्या नैसर्गिक रीडचा दहाचा डबा साधारणपणे येऊ शकतो, त्यामुळे पहिल्यांदा ती हातात घेताना माणूस श्वास रोखून धरतो. दिसायला ती अर्धपारदर्शक असते आणि स्पर्शाला गुळगुळीत, औषधाच्या डबीच्या झाकणासारखी. माझे वाद्य बफे क्रॅम्पॉनचे आर-तेरा आहे आणि माउथपीस व्हँडोरेनचा बी-चाळीस. दुसऱ्या माउथपीसवर अनुभव वेगळा येऊ शकतो, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

पहिली चाचणी अर्थातच त्या अपमानाच्या जागेची. मोझार्टच्या विलंबित भागाचा पहिला सूर क्लॅरिनेटच्या स्वरलेखनात मधल्या सप्तकाचा ‘सी’ आहे. अंगठा, दोन्ही हातांची सहा बोटे आणि उजवी करंगळी यांनी भोके बंद करून, आणि सूर वरच्या सप्तकात नेणारी वरची कळ दाबून, तो निघतो, म्हणजे नळीची जवळजवळ पूर्ण लांबी त्यात वापरली जाते आणि एखादे बोट केसभर जरी सरकलेले असले तरी तो चिरकतो. रोज सकाळी वाद्य पेटीतून काढून, रीड तोंडात न धरता, थेट हाच सूर वाजवायचा असा मी नियम केला. एप्रिलच्या कोरड्या हवेत, जुलैच्या दमट हवेत आणि डिसेंबरमध्ये बोटे गारठलेली असताना या रीडने तो सूर सारखाच दिला. माझी फुंक चुकली तेव्हा तो चुकला, परंतु रीडने आपल्या मनाने उशीर केला, असे सात महिन्यांत मला एकदाही म्हणता आले नाही. मोबाइलवर केलेली ध्वनिमुद्रणे मी एकामागून एक ऐकली तेव्हा सुरुवातीचा फुसफुसाट जवळजवळ नाहीसा झालेला आढळला. त्या भीतीमुळे मी पूर्वी पहिल्या सुराआधी ओठ आवळत असे, हेही मला त्या मुद्रणांतूनच कळले.

दुसरी चाचणी त्याच कंचेर्टोच्या पहिल्या भागाची. छप्पन्न मात्राखंड म्हणजे नेहमीच्या गतीत सुमारे दोन मिनिटे. मग वादकाचा प्रवेश, स्वरलेखनातल्या वरच्या ‘जी’वर. डाव्या हाताची तीन बोटे, अंगठा आणि वरची कळ एवढ्यावरच हा सूर निघतो, त्यामुळे बोटांची भीती येथे नाही. भीती वेगळीच आहे. घशाची पोकळी सैल राहिली आणि जिभेचा मागचा भाग खाली गेला, तर मुख्य सुराच्या आधी क्षणभर एक जाड गुरगुर ऐकू येते. तो बाराव्या स्वराइतका खालचा मूळ ‘सी’ असतो, कळ उघडलेली असूनही डोके वर काढू पाहणारा. ‘ई’ म्हणताना जीभ जशी वर उचललेली असते तशी ठेवून हवा सोडली की गुरगुर थांबते. नैसर्गिक रीडवर ती मला क्वचित ऐकू येई, कारण पहिल्या क्षणीच्या किंचित खरखरीत ती झाकली जात असावी. लेजेर इतकी तत्पर आणि स्वच्छ आहे की जीभ किंचितही खाली असली तर गुरगुर उघडी पडते. पहिले तीन आठवडे मला वाटले की ही रीड वाईट आहे. नंतर सरांसमोर वाजवले तेव्हा त्यांनी रीडकडे पाहिलेही नाही. माझ्या गळ्याकडे बोट दाखवून त्यांनी मला ‘ई’ म्हणायला लावले आणि त्याच श्वासात तो सूर वाजवायला लावला. तक्रार तेथेच संपली.

आणखी एका जागेचा उल्लेख करायला हवा, कारण ती वाद्यवृंदातल्या वादकांची खरी डोकेदुखी आहे. फिनलंडचे संगीतकार सिबेलियस यांची १८९९ मधली पहिली सिंफनी टिंपनी या नगाऱ्यासारख्या वाद्याच्या मंद गडगडाटावर एकट्या क्लॅरिनेटने सुरू होते. त्या वादकाला आधी एकही सूर वाजवून रीड तपासण्याची संधी नसते, आणि सभागृह पूर्ण शांत असते. मी स्वतः ती सिंफनी कधी वाद्यवृंदात वाजवलेली नाही, परंतु घरी ध्वनिमुद्रणासोबत तिची सुरुवात शेकडो वेळा केली आहे. रीड आधी ओली करण्याची गरज नसणे ही सोय वाटत असली तरी या ठिकाणी ती सोयीपेक्षा बरीच मोठी गोष्ट ठरते. मंचावर वाद्य मांडीवर ठेवून दहा मिनिटे बसणाऱ्या कोणालाही मी ही रीड केवळ या कारणासाठी सुचवीन.

उलट फ्रेंच संगीतकार मेसियाँ यांच्या बाबतीत माझा निर्णय नैसर्गिक रीडच्या बाजूने जातो. ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ ही त्यांची रचना १५ जानेवारी १९४१ रोजी गोर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत प्रथम सादर झाली, आणि तिचा तिसरा भाग संपूर्णपणे एकट्या क्लॅरिनेटसाठी आहे. त्यात अक्षरशः शून्यातून उगवून मोठमोठे होत जाणारे दीर्घ सूर आहेत. तेथे जीभ लावायचीच नसते. हवा आधी वाहू लागते आणि सूर तिच्यात केव्हा मिसळला हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. लेजेरवर सूर वेळेवर येतो, किंबहुना थोडा लवकरच येतो. हवेतून सुरात जाण्याचा जो धूसर टप्पा असतो तो तिच्यावर फारच आखूड आहे. नैसर्गिक रीडवर तो लांबवता येतो, त्यात हवेचा अंश ठेवता येतो. हा रीडचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण ज्या तत्परतेसाठी मी तिला डोक्यावर घेतले आहे तिचीच ही दुसरी बाजू आहे, आणि अनेक वादकांना कदाचित ती लक्षातही येणार नाही. मला मात्र तो धूसरपणा हवा असतो.

अमेरिकन संगीतकार गर्श्विन यांच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ची सुरुवात, म्हणजे खालच्या सुरावरचा कंप आणि तेथून वर सरकत जाणारी ती प्रसिद्ध घसरण, या रीडवर उत्तम येते, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

जिभेच्या स्पर्शाविषयी दोन शब्द. नैसर्गिक रीडच्या टोकाला किंचित तंतुमय खरखर असते आणि तिच्यावरून जीभ निघते ती कापसावरून निघावी तशी. येथे पृष्ठभाग गुळगुळीत आहे, त्यामुळे ‘ता’ म्हटला की तो थोडा काचेसारखा, टकटकीत ऐकू येतो. त्यावर माझा उपाय म्हणजे सर्वत्र ‘दा’, आणि जिभेचे अगदी टोक न लावता त्याच्या किंचित मागचा, वरचा भाग लावणे. महिन्याभरात सवय झाली. दुसरी गोष्ट लाळेची. प्लॅस्टिक ओलावा शोषून घेत नाही, त्यामुळे रीडच्या आतल्या बाजूला थेंब साचतात आणि एखाद्या वेळी पहिल्याच सुरात बुडबुड्यासारखा आवाज होतो. प्रवेशाच्या दोन मात्रा आधी माउथपीसमधून हवा एकदा आत ओढून घेतली की तो जातो. मोझार्टचे छप्पन्न मात्राखंड त्यासाठी पुरेसे आहेत. विलंबित भागासाठी ही खूण आधीच आठवून ठेवावी लागते.

कडकपणा निवडताना मात्र फार सावध राहावे. मी सव्वातीनची मागवली होती. ऑनलाइन दुकानाने, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, मला साडेतीनची पाठवली, आणि डबी उघडल्यामुळे ती परत घेता येणार नाही असे कळवले. कडकपणाचा अंक रीडवर छापलेला असतो, तो उघडण्यापूर्वी वाचायला हवा होता, हे माझे चुकलेच. पण त्या चुकीमुळे एक गोष्ट नीट समजली. साडेतीनवर मधले सूर भारदस्त येत होते, परंतु विलंबित भागाचा पहिला ‘सी’ पुन्हा त्या जुन्या फुसफुसाटाने सुरू होऊ लागला. पुढे दुसऱ्या ठिकाणाहून सव्वातीनची घेतली आणि ती अडचण गेली. पहिल्या सुरासाठी ही रीड घेणाऱ्याने आपल्या नैसर्गिक रीडच्या अंकापेक्षा पाव अंकाने खाली उतरून सुरुवात करावी, असा माझा सल्ला आहे. कंपनीने वेगवेगळ्या रीडच्या अंकांची तुलना करणारा तक्ता दिला आहे. तो उपयोगी आहे, पण त्यात माउथपीसचा विचार आपल्यालाच करावा लागतो.

आमच्या भागात एका ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक काका राहतात. वैशाखात उघड्या रस्त्यावर नवरदेवाच्या घोड्यापुढे तासन्‌तास वाजवणाऱ्या माणसाला ही रीड कशी वाटते, या कुतूहलाने मी ती त्यांना वाजवायला दिली. त्यांनी जीभ लावलीच नाही. खालच्या सुरातून मींडेने वर येत त्यांनी सूर धरला, आणि धरला तो इतका पक्का की मी माझी ‘ता’ आणि ‘दा’ची चर्चा मनातच ठेवली. “सूर असा खालून आणायचा, ठोकर कशाला द्यायची?” असे ते म्हणाले. रीड त्यांना आवडली. किंमत सांगितल्यावर त्यांनी ती रुमालाने पुसून डबीत ठेवली, झाकण लावले, आणि डबी माझ्या हातात दोन्ही हातांनी दिली.

टिकाऊपणाविषयी एवढेच सांगता येते की माझी रीड सात महिन्यांनंतर पूर्वीपेक्षा थोडी मऊ झाली आहे आणि वरच्या सप्तकात तिचा नाद पातळ होऊ लागला आहे, परंतु पहिला सूर देण्यात तिने अजून कसूर केलेली नाही. सलग तीन तास वाजवले तर ती तात्पुरती ढिली पडल्यासारखी वाटते; रात्रभर ठेवली की पूर्ववत होते. या प्लॅस्टिकचा तो स्वभाव असल्यामुळे दोन रीड आलटून पालटून वापरणे योग्य, म्हणजे खर्च दुप्पट. पावसाळ्यात नैसर्गिक रीडच्या पेटीला बुरशी येऊ नये म्हणून जी सांभाळणी करावी लागते ती मात्र येथे पूर्णपणे वाचते. साबणाच्या कोमट पाण्याने हलकेच धुतले की काम भागते. फक्त टोक अतिशय पातळ आहे आणि माउथपीसचे टोपण घाईत बसवताना ते दुमडले तर रीड गेलीच म्हणून समजावे.

सध्या माझ्या पेटीत सव्वातीनच्या दोन लेजेर आहेत, आणि शेजारच्या खणात चार नैसर्गिक रीड. मोझार्ट असेल त्या दिवशी मी खण उघडतही नाही. मेसियाँ असेल तर आदल्या रात्री चारांपैकी एक निवडून ठेवतो, आणि मंचावर जाताना पाण्याची छोटी बाटली बरोबर नेतो.